डबीतला खडा

मी शाळेत विज्ञान शिकवतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी काय काय केलं ते वाचताना तुम्हाला हसायला सोपं जाईल. देऊळगाव राजाच्या एका शाळेत सव्वीस वर्षं मी मुलांना सांगत आलोय की पाहिल्याशिवाय, मोजल्याशिवाय आणि तपासल्याशिवाय काही खरं मानू नका. मुलं मान डोलावतात. त्यांच्याबरोबर मीही डोलावतो. आणि गेल्या वर्षी मी जो शहाणपणा केला, त्यात माझ्या भाऊजींची, म्हणजे मोठ्या बहिणीच्या नवऱ्याची, डावी किडनी पणाला लागली. माझीही लागली होती, पण ती वाचली. ती कशी वाचली हे सांगायलासुद्धा लाज वाटते, कारण त्यात माझं कर्तृत्व काहीच नाही.

सुरुवात दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेत झाली. भूमितीचा पेपर होता आणि मी वर्गावर पर्यवेक्षक. वर्ष कडक होतं, भरारी पथक कधी येईल नेम नव्हता, म्हणून मी पहिल्या घंटेपासून मिशीला ताव देत फिरत होतो. अर्ध्या तासात डाव्या कुशीत कळ आली. आधी वाटलं गॅस असेल. मग ती कळ कमरेतून खाली जांघेत उतरली आणि मी टेबल धरून खाली बसलो. नुसता बसलो नाही, टेबलाखाली गेलो. वर बसवेना, उभं राहवेना, आडवं होता येईना. पंचवीस मुलं प्रमेय सोडून माझ्याकडे बघायला लागली. मी टेबलाखालूनच म्हणालो, “आपापल्या पेपरात बघा.” त्यांनी आपापले सोडून एकमेकांच्या पेपरात बघितलं. त्या वर्षी आमच्या केंद्राचा भूमितीचा निकाल चांगला लागला, त्यात माझा वाटा आहे.

शिपायानं मला मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात नेलं. इंजेक्शन झालं, सोनोग्राफी झाली. डॉक्टर माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, चांगला समजूतदार माणूस. म्हणाला, “सर, डाव्या मूत्रवाहिनीत नऊ मिलिमीटरचा खडा अडकलाय. एवढा मोठा आपोआप पडणं अवघड असतं, पण खूप दुखतंय म्हणून घाबरू नका. गोळ्या देतो, पाणी भरपूर प्या, पंधरा दिवसांनी परत सोनोग्राफी करू. नाही सरकला तर दुर्बिणीनं काढू.”

मी म्हणालो, “मला माहीत आहे, मी शिकवतो.”

“मग हेही शिकवत असाल,” तो म्हणाला, “की दुखणं थांबलं म्हणजे खडा गेला असं नसतं. लघवी तुंबली की किडनी जोर लावते, ताणली जाते, म्हणून कळा येतात. बरेच दिवस तुंबून राहिली की ती दमते आणि काम कमी करते. मग दुखत नाही. खडा तिथंच असतो आणि किडनी आतल्या आत खराब होत राहते. म्हणून पंधरा दिवसांनी याच.”

मी “हो हो” म्हणालो. हे वाक्य मी नीट ऐकलं होतं हे मुद्दाम सांगतोय. पुढं मला कोणी अडाणी म्हणून माफ करू नये.

घरी आलो आणि बातमी गावभर झाली. मुतखडा म्हटलं की प्रत्येकाजवळ एक औषध असतंच, आणि औषध नसेल तर मेहुणा असतो, ज्याचा खडा अमुक खाऊन पडला. कोणी पानफुटीची पानं आणून दिली. कोणी हुलग्यांचा काढा सांगितला. ड्रिलमास्तर एका कोपऱ्यात घेऊन म्हणाले की बिअरइतकं गुणकारी काही नाही, आणि सोबतीला यायची तयारीही दाखवली. बायकोनं फोनवर कुठंतरी पाहून टमाटे बंद केले, वांगी बंद केली, पालक बंद केला, बिया असलेलं सगळं बंद केलं, आणि शेवटी दूधही बंद केलं. डॉक्टरनं दूध बंद करायचं नाही असं स्पष्ट सांगितलं होतं. मी तसं म्हणालो तर ती म्हणाली, “दुधात कॅल्शियम असते, तुमीच तं शिकवता.” पंधरा दिवस मी दुधीभोपळा खाल्ला, बिया काढलेला.

कळा येत राहिल्या. आठव्या दिवशी ड्रिलमास्तरांनी मला बुवाचं नाव सांगितलं. बुवा म्हणजे जटावाला वगैरे नव्हे. डोंगराच्या पायथ्याला एका खेड्यात राहणारा म्हातारा शेतकरी, गोठ्याशेजारी बसून बुधवारी आणि रविवारी खडे काढतो. पैसा घेत नाही. ही गोष्ट मला फार पटली. पैसा घेत नाही म्हणजे फसवत नाही, असा सिद्धांत मी तिथल्या तिथं मांडला आणि सिद्धही करून टाकला.

आम्ही रविवारी जीप करून गेलो. रस्ता खराब होता. वाटेत दुखू नये म्हणून निघताना मी डॉक्टरनं दिलेली दुखणं थांबवायची गोळी घेतली. कमी पडायला नको म्हणून दोन घेतल्या. ही एवढी गोष्ट लक्षात ठेवा, मी ठेवली नाही.

गोठ्याबाहेर पंधरावीस माणसं होती. माझा नंबर आला तेव्हा बुवानं मला पालथं झोपवलं, कुशीवर ओलं फडकं फिरवलं, तिथं वेळूची एक वीतभर नळी टेकवली आणि दुसऱ्या टोकाला तोंड लावून ओढलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा गाल अगदी आत गेले. मग शेजारी ठेवलेल्या वाटीत थुंकला. टण्ण आवाज झाला. वाटीत पांढरट, खरबरीत असा एक खडा.

मी सव्वीस वर्षं मुलांना सांगतो की माणसाची कातडी अभंग असते, आत-बाहेर जायला छिद्र लागतं. तो खडा बघून मी हात जोडले.

बुवानं तीन नेम सांगितले. पाच दिवस तेल-तिखट वर्ज्य. तीन महिने अंगाला मशीन लावायचं नाही, म्हणजे सोनोग्राफी करायची नाही, कारण मशीन लावलं की गुण उतरतो. आणि तिसरा नेम असा की गुण आला तर नारळ घेऊन यायचं आणि सोबत एक दुखणेकरी आणायचा. “आपलं भलं झालं तं दुसऱ्याचं करा,” एवढंच म्हणाला. मला भरून आलं.

त्या दिवशी दुखलं नाही. दुसऱ्या दिवशी दुखलं नाही. आठ दिवसांत दुखणं साफ गेलं. सोनोग्राफीची तारीख आली आणि गेली. डॉक्टरच्या दवाखान्यावरून जाताना मी थोडं छाती काढून चालायचो.

खडा मी कापसावर ठेवून कुंकवाच्या एका जुन्या डबीत घातला. स्टाफरूममध्ये मधल्या सुट्टीत डबी फिरायची. एकदा गणिताच्या बाई म्हणाल्या, “सर, रिपोर्टात नऊ मिलिमीटर होता ना? हा तर तुरीच्या दाण्याएवढा दिसतो.” आमच्या प्रयोगशाळेत व्हर्नियर कॅलिपर आहे. दरवर्षी अकरावीच्या मुलांना मी त्यानं पेन्सिलीची जाडी मोजायला लावतो, आणि कोणी अंदाजानं आकडा लिहिला तर वही भिरकावतो. मी बाईंना म्हणालो, “वाटेत झिजला असेल.” कॅलिपर कपाटात होता, कपाट माझ्या पाठीमागं होतं.

मे महिन्यात ताई आणि भाऊजी आले. ताई वरवट बकालला दिलेली. तिकडचा सगळा पट्टा खाऱ्या पाण्याचा. विहिरीच्या पाण्यात दाळ शिजत नाही, चहाला चव येत नाही, आणि पाहुणा माणूस दोन घोट पिऊन ग्लास खाली ठेवतो. भाऊजी जन्मभर तेच पाणी पीत आलेले, तेही कमीच. शेतात दिवसभर चहावर राहायचे. मुतखड्याचा त्रास त्यांना सात-आठ वर्षं जुना. एकदोन पडले, एक पडेना. त्यांच्या डॉक्टरनं मोठ्या दवाखान्यात ऑपरेशनची तारीख घेऊन दिली होती, मेच्या शेवटच्या आठवड्यातली. पेरणीच्या आधी उरकून घ्यायचं, असं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. तयार होऊन बसलेला माणूस होता तो.

आणि एक सांगायचं राहिलं. भाऊजी माझ्याहून बारा वर्षांनी मोठे, पण माझ्या शब्दाबाहेर नाहीत. बियाण्याची पिशवी घ्यायची तरी फोन करतील, “मास्तर, हे वालं घेऊ का ते वालं?” मला कपाशीतलं ओ की ठो कळत नाही. तरी मी सांगतो, आणि ते घेतात. त्यांच्या गावात माझी ओळख ‘आमचे मास्तर’ अशी आहे. मला हे आवडतं. फारच आवडतं.

रात्रीच्या जेवणानंतर नाही, अगदी जेवतानाच, ताटाजवळ मी डबी उघडून ठेवली.

भाऊजी बराच वेळ बघत राहिले. “हा तुमच्या पोटातून निघाला?”

“निघाला.”

“चिरफाड नाही?”

“ओरखडासुद्धा नाही.”

“मंग मी कायले चिरून घेऊन राह्यलो?” ते ताईकडे बघून म्हणाले. ताईनं माझ्याकडे पाहिलं. तिला ऑपरेशनची भीती होतीच. ती म्हणाली, “तू काय म्हणतं ते सांग. तू म्हणशील तसं.” मी चांगला विचार केल्यासारखा चेहरा केला आणि म्हणालो, “माझा अनुभव आहे भाऊजी. ऑपरेशन कुठं पळून जातंय?”

मला एक दुखणेकरी न्यायचाच होता, नेम होता. मी नारळ घेतला आणि भाऊजींना घेतलं. वेळूची नळी, तीनदा ओढणं, टण्ण. त्यांचाही खडा पांढरट निघाला, माझ्याहून थोडा मोठा. मला तेवढ्यातही किंचित वाईट वाटलं. भाऊजींनी ऑपरेशनची तारीख रद्द केली. गावी गेल्यावर फोन आला, “मास्तर, एकदम मोकळं वाटून राह्यलं.” त्या आठवड्यात माझ्याइतका आनंदी माणूस तालुक्यात नव्हता.

ऑगस्टमध्ये शाळेनं आम्हा पन्नाशीवरच्या शिक्षकांना आरोग्य तपासणी करायला लावली. तीन महिने केव्हाच उलटले होते, बुवाचा नेम मोडत नव्हता. मी सोनोग्राफीच्या टेबलावर निवांत पडलो. तोच डॉक्टर. पोटावर थंडगार जेल लावून बराच वेळ तो डाव्या कुशीत यंत्र फिरवत राहिला. मी म्हणालो, “तिथं काही सापडायचं नाही, काढलाय.”

“कुठं काढला?”

मी सांगितलं नाही. म्हणालो, “पडला.”

त्यानं पडदा माझ्याकडे वळवला. “सर, हा बघा. जिथं होता तिथंच आहे. नऊ मिलिमीटर. आणि ही किडनी सुजलीय. पाच महिने तुम्ही हिला असं ठेवलंय.” मग त्यानं टिश्यू पेपर हातात दिला. मी पोट पुसत बसलो. बराच वेळ पुसत होतो.

संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी प्रयोगशाळेत गेलो. कडी लावली. डबीतला खडा काचेवर ठेवला आणि कपाटातून पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली काढली. नववीला मी हा प्रयोग दरवर्षी दाखवतो: चुनखडीवर आम्ल टाकलं की ती फसफसते. मुतखडा बहुतेक वेळा दुसऱ्याच क्षाराचा असतो, तो असा फसफसत नाही. ड्रॉपरनं एक थेंब टाकला. खडा फसफसला. अगदी पाठ्यपुस्तकातल्यासारखा. नदीकाठची, नाहीतर शेताच्या बांधावरची चुनखडी, पाच महिने मी कापसात गुंडाळून मिरवली होती. स्वतःवर हसू आलं, मोठ्यानं आलं. आणि हसता हसताच भाऊजी आठवले.

आता शहाण्या माणसानं त्याच क्षणी फोन लावला असता. मी लावला, पण तिसऱ्या दिवशी. ताईनं घेतला. मी विचारलं, “भाऊजी कसे आहेत?” ती म्हणाली, “एकदम चांगले. दुखणं नाही का खुपणं नाही. तुझ्या पायानं लय चांगलं झालं.” मी म्हणालो, “बरं बरं, पाणी पीत जा म्हणावं.” आणि फोन ठेवला. दुखणं नसण्याचा अर्थ काय असू शकतो, हे मला एकदा तोंडानं आणि एकदा पडद्यावर सांगितलं गेलेलं होतं. पण मी स्वतःला समजावलं की त्यांचा कदाचित खरंच पडला असेल. पडतातही. एवढा मोठा नसेलही. शंका घेण्याचं माझं सगळं शिक्षण मी सोयीच्या वेळेसाठी राखून ठेवलेलं आहे.

माझं ऑपरेशन झालं. स्टाफरूममध्ये हर्निया सांगितला. लघवीच्या वाटेनंच दुर्बीण घालून लेझरनं खडा फोडतात, चीर कुठंच नाही. म्हणजे भाऊजी ज्याला घाबरले आणि मी ज्यापासून त्यांना वाचवलं, त्यातलं माझ्या वाट्याला काही आलंच नाही. आत एक पातळ नळी ठेवतात, दोनतीन आठवडे. ती असेपर्यंत दर अर्ध्या तासाला पळावं लागतं. मी पलंगावरून उठायचो, जायचो, यायचो, आणि प्रत्येक फेरीला ठरवायचो की आता फोन करतो. फेऱ्या पुष्कळ झाल्या. खड्याचे तुकडे डॉक्टरनं तपासायला पाठवले. कॅल्शियम ऑक्झलेट निघाला. “खरा खडा असा असतो सर,” डॉक्टर म्हणाला. त्याला डबीचं कळलं होतं, शहर लहान आहे. किडनी सावरेल असंही तो म्हणाला.

शेवटी बायकोनं विचारलं. ती माझ्यासाठी लिंबूपाणी घेऊन आली होती. दूध परत सुरू झालं होतं. ग्लास खाली ठेवत म्हणाली, “ताईले सांगितलं का?”

“सांगतो.”

“कवा?”

“नळी निघाली की.”

“नळी तुमची हाये. किडनी त्यायची हाये. तुमी सांगता का मी फोन लावू?” ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला भांडता आलं असतं.

रिपोर्ट हातात पडून तेवीस दिवस झाले होते. नळी निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी चिखली, खामगाव, शेगाव करत एसटीनं वरवटला गेलो. पिशवीत आम्लाची छोटी बाटली होती, दोनदा कापडात गुंडाळलेली. शाळेची मालमत्ता होती आणि एसटीत न्यायची वस्तू नव्हे, पण मला दुसरा उपाय दिसत नव्हता. तोंडानं सांगायची माझी हिंमत नव्हती. प्रयोग करून दाखवायची होती.

ताईनं चहा ठेवला. भाऊजी शेतातून आले, पाय धुतले, समोर बसले. चेहरा थोडा सुजल्यासारखा दिसत होता, की मलाच तसं दिसत होतं कोण जाणे. मी म्हणालो, “भाऊजी, तुमचा खडा कुठंय?” त्यांचीही डबी होती. ताईनं ती देवघरातून आणली. देवांच्या ओळीत ठेवली होती.

मी बशीत खडा ठेवला, थेंब टाकला. फसफसलं. ताई वाकून बघत होती. “हे काय होते?” तिनं विचारलं. मी वर्गात समजावतो तसं समजावलं. चुनखडी, आम्ल, वायू. माझा आवाजही वर्गातलाच निघत होता. मग माझा रिपोर्ट दाखवला, तारखेसकट. भाऊजींना तारीख वाचता येते. त्यांनी तारीख वाचली, बोटांवर दिवस मोजले, आणि कागद घडी करून मला परत दिला. त्याबद्दल त्यांनी तेव्हा विचारलं नाही, आणि नंतर कधीच विचारलं नाही.

“पण मले दुखत तं नाही मास्तर,” एवढंच म्हणाले.

“म्हणूनच आलोय,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन मोठ्या दवाखान्यात गेलो. सोनोग्राफी झाली, मग किडनी किती काम करते ते बघायची वेगळी तपासणी झाली. डावी किडनी फुगून पातळ पिशवी झाली होती. काम जवळजवळ बंद. खडा आतच. डॉक्टर म्हणाले, आता खडा काढून त्या किडनीला फारसा फायदा नाही, उजवी चांगली आहे, तिला जपा. गोड्या पाण्याच्या टाकीचंच प्यायचं, भरपूर प्यायचं, मीठ कमी, वर्षातून दोनदा तपासणी.

भाऊजी बाहेर गेल्यावर मी मागं थांबलो. विचारलं, “मेमध्ये ठरल्याप्रमाणे ऑपरेशन झालं असतं तर?”

“बरीचशी वाचली असती,” ते म्हणाले.

“आणि महिन्याभरापूर्वी आलो असतो तर?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “एका महिन्याचं मी कसं सांगू?” असं म्हणून पुढच्या पेशंटला बोलावलं. त्यांनी ‘नाही’ म्हणायला हवं होतं असं मला वाटलं. अजून वाटतं.

बाहेर बाकावर भाऊजी टोपी मांडीवर ठेवून बसले होते. मी शेजारी बसलो. मला रडू येत होतं आणि येऊ द्यायची लाज वाटत होती. मी म्हणालो, “माझं चुकलं भाऊजी.” ते म्हणाले, “दुसरी बरी हाये ना?” मी म्हणालो, हो. “मंग झालं. तिले सांभाळू.” मला वाटलं आता सुटलो. एवढ्यावर निभावलं असं वाटून माझा जीव खरोखरच हलका व्हायला लागला होता, इतका मी निगरगट्ट आहे.

मग ते म्हणाले, “पण त्या पाच जणायचं काय करायचं?”

“कोणते पाच?”

“नेम होता ना. गुण आला तं माणूस आणायचा. एकच आणायचा होता, पण गावात खडे लय. म्या पाच नेले बुवाकडं. दोघायचं ऑपरेशन ठरेल होतं, त्यायनं रद्द केलं.” मग सावकाश म्हणाले, “आधी कोणी तयार नव्हतं. मंग म्या सांगितलं, आमच्या विज्ञानाच्या मास्तरनं स्वतःचा काढून घेतला. मंग आले.”

एसटीत आम्ही शेजारी बसलो होतो. पिशवीतल्या बाटलीवर मी हात ठेवून होतो. वरवटला उतरल्यावर मी घराकडे वळलो तर भाऊजींनी माझा दंड धरला आणि दुसऱ्या गल्लीत वळवलं. दुपार होती, लोक जेवून ओट्यावर बसलेले. पहिल्या घराशी ते थांबले. आतून माझ्याच वयाचा एक गडी बाहेर आला, मला पाहून त्याचा चेहरा फुलला. तो आत गेला, डबी घेऊन आला आणि माझ्या पाया पडायला वाकला. “मास्तर, तुमच्यानं मी वाचलो,” म्हणाला.

मी घाईनं पिशवीत हात घातला आणि बाटलीचं बूच काढायला लागलो. भाऊजींनी माझ्या हातावर हात ठेवला.

“ते मागून दाखवजा,” ते म्हणाले. “आधी तोंडानं सांगा.”